डिव्हिजन वनचा संघ आणि विद्यापीठाचा मालक : अमेरिकेत क्रीडाव्यवस्थापन शिकू पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत क्रीडाव्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि तिथल्याच एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडाविभागात नोकरी मिळवायची, असे ठरवलेल्या मुलामुलींकडून दर प्रवेशहंगामात मला एकच प्रश्न येतो. विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत खेळतो, मार्चमधली मोठी स्पर्धा टीव्हीवर दिसते, मग विद्यापीठ भक्कमच असणार ना? या प्रश्नाला मी आता सरळ ‘नाही’ असे उत्तर देते. संघाची श्रेणी आणि विद्यापीठाचे कायदेशीर स्वरूप या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परदेशी विद्यार्थ्याचे भवितव्य त्यातल्या दुसऱ्या गोष्टीवर ठरते.

प्रवेश, व्हिसा, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचे प्रवेशाचे पत्र) वगैरे प्राथमिक माहिती तुम्हाला असणारच, म्हणून ती इथे देत नाही. डिव्हिजन वनमध्ये येण्यासाठी विद्यापीठाला अधिस्वीकृती असावी लागते, किमान चौदा खेळांचे संघ चालवावे लागतात, शिष्यवृत्त्यांची किमान पातळी राखावी लागते आणि खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीचा हिशेब द्यावा लागतो. विद्यापीठाची मालकी कोणाकडे आहे, शिल्लक पैसा संस्थेतच राहतो की भागधारकांकडे जातो, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. तो 2013 मध्ये पहिल्यांदा जाहीरपणे उपस्थित झाला, आणि त्याला कारण ठरले ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातले ग्रँड कॅन्यन विद्यापीठ.

हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण या विषयाचे सगळे पदर त्यात सापडतात. बॅप्टिस्ट पंथीयांनी 1949 मध्ये काढलेले हे छोटे ख्रिस्ती कॉलेज 2004 च्या सुमारास आर्थिक डबघाईला आले, तेव्हा खासगी गुंतवणूकदारांनी ते विकत घेतले आणि ते नफ्यासाठी चालणारे विद्यापीठ झाले. ऑनलाइन अभ्यासक्रमांवर त्याची वाढ झाली आणि 2008 मध्ये कंपनीचे समभाग नॅसडॅकवर आले. शेअरबाजारातले त्याचे चिन्ह ‘लोप’ हे आहे, म्हणजे ‘अँटेलोप’ या प्राण्यावरून पडलेले संघाचेच टोपणनाव. संघाचे नाव आणि समभागाचे नाव एकच असलेले दुसरे विद्यापीठ मला तरी माहीत नाही.

या विद्यापीठाची बास्केटबॉलची परंपरा मात्र जुनी आणि खरी आहे. लहान महाविद्यालयांच्या एनएआयए संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने 1975, 1978 आणि 1988 मध्ये मिळवले होते. पुढे संघ डिव्हिजन टूमध्ये खेळत होता, तेवढ्यात वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स या डिव्हिजन वनमधल्या विद्यापीठांच्या गटाला गळती लागली. यूटा स्टेट, सॅन होजे स्टेट, लुइझियाना टेक, डेन्व्हर असे एकेक सदस्य अन्य गटांत निघून गेले, आणि उरलेल्या गटाला जगायचे तर नवे सदस्य हवे होते. ग्रँड कॅन्यनला निमंत्रण मिळाले आणि जुलै 2013 मध्ये डिव्हिजन वनमध्ये नफ्यासाठी चालणारे पहिले विद्यापीठ दाखल झाले. फिनिक्स सन्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा जुना लोकप्रिय खेळाडू डॅन मार्ली याला प्रशिक्षक नेमले गेले. 2011 मध्ये पाच हजार आसनांचे बांधलेले मैदान 2014 मध्ये सात हजारांचे करण्यात आले.

त्याच उन्हाळ्यात पॅक-ट्वेल्व्ह गटातल्या विद्यापीठांच्या अध्यक्षांनी एनसीएएला पत्र लिहून आक्षेप घेतला. ज्या संस्थेचे उत्तरदायित्व भागधारकांना आहे, तिथे खेळातले यश समभागाच्या भावाशी जोडले जाईल, अशी त्यांची भीती होती. त्याच महानगरातल्या ॲरिझोना स्टेटने तर ग्रँड कॅन्यनशी खेळायलाच नकार दिला. पुढे हे दोन संघ एकमेकांशी खेळले, हा भाग निराळा. आक्षेपात तथ्य होते, असे मला आजही वाटते. पण आक्षेप घेणाऱ्या त्या बारांपैकी दहा विद्यापीठे 2024 मध्ये दूरचित्रवाणीच्या पैशासाठी गट सोडून गेली, आणि 2025 पासून सार्वजनिक विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. अमेरिकन महाविद्यालयीन खेळात पैसा कोणाला नको आहे, असे विचारले तर हात वर करणारा कोणी सापडणार नाही. तेव्हा ‘नफा वाईट, ना-नफा पवित्र’ अशी विभागणी करून कोणी तुम्हाला सल्ला देत असेल, तर तो सल्लाही जरा जपूनच घ्यावा.

ग्रँड कॅन्यनची श्रेणीबदलाची चार वर्षे संपून 2017-18 पासून त्याला डिव्हिजन वनचे पूर्ण सदस्यत्व मिळाले, ब्राइस ड्रू प्रशिक्षक झाल्यावर 2021 मध्ये संघ पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, आणि 2024 मध्ये बाराव्या मानांकनावरून त्याने सेंट मेरीजला 75-66 असे हरवून स्पर्धेतला पहिला विजय मिळवला. पुढच्या फेरीत अलाबामाने त्यांना थांबवले. त्या संघातला टायॉन ग्रँट-फॉस्टर आधीच्या विद्यापीठात सामन्यादरम्यान हृदयविकाराने कोसळला होता आणि दीर्घ काळ खेळापासून दूर राहून परतला होता. जांभळ्या कपड्यांतले ‘हॅव्हॉक्स’ नावाचे समर्थक विद्यार्थी सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून बाकांवर नाचत असतात. ते दृश्य पाहून कोणालाही तिथे शिकावेसे वाटेल. माझीही त्याला हरकत नाही. फक्त त्या दृश्यावरून विद्यापीठाच्या कायदेशीर स्वरूपाविषयी एक अक्षरही कळत नाही.

मी ज्यात अडकले तो सापळा इथे येतो, आणि तो मी जरा जास्तच विस्ताराने सांगणार आहे. माझी पदव्युत्तर पदवी दुसऱ्याच राज्यातल्या, नफ्यासाठी चालणाऱ्या एका विद्यापीठाची आहे. त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. अधिस्वीकृती होती, शिक्षक चांगले होते, आय-ट्वेंटी वेळेवर मिळाला, पदवीनंतरची वर्षभराची काम करण्याची परवानगी म्हणजे ओपीटीसुद्धा विनातक्रार मिळाली. पुढे एच-वन-बी या नोकरीसाठीच्या व्हिसाच्या वेळी नियोक्त्याच्या वकिलाने विचारले, की तुमचे विद्यापीठ ना-नफा आहे का. एच-वन-बीच्या दरवर्षी सोडतीने दिल्या जाणाऱ्या 65,000 जागांखेरीज अमेरिकेतली पदव्युत्तर किंवा त्याहून वरची पदवी असलेल्यांसाठी 20,000 जागा वेगळ्या असतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्या 20,000 जागांसाठी पदवी देणारी संस्था सार्वजनिक किंवा ना-नफा असावी लागते आणि पदवी देतेवेळी तिला अधिस्वीकृती असावी लागते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठाची पदवी पूर्ण वैध असते, त्या पदवीवर 65,000 च्या सोडतीत नाव घालता येते, पण दुसऱ्या सोडतीचे दार बंद असते.

अर्जात या जागेसाठी संस्थेचे नाव, पत्ता, पदवीचा प्रकार आणि पदवी मिळाल्याची तारीख अशा चार गोष्टी विचारतात. तारखेकडे नीट पाहा. विद्यापीठ आज काय आहे यापेक्षा, तुम्हाला पदवी दिली त्या दिवशी ते काय होते, याला महत्त्व आहे. नोंदणी करताना कोणी उत्साहाच्या भरात ‘अमेरिकन पदव्युत्तर पदवी’ या पर्यायापुढे होकार भरला आणि त्या कोट्यातून नाव लागले, तरी पुढे मूळ अर्ज नाकारला जातो. नाव लागल्याचा आनंद, राजीनाम्यांची बोलणी, घरच्यांचे फोन, आणि मग नकार. हे मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

क्रीडाव्यवस्थापनात हा सापळा अधिक बोचतो. संगणकशास्त्रासारख्या, विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या सरकारी यादीतल्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला ओपीटीवर आणखी 24 महिन्यांची मुदतवाढ मिळते, म्हणून त्याला सोडतीत दोन-तीनदा नशीब आजमावता येते. क्रीडाव्यवस्थापन सहसा त्या यादीत बसत नाही; काही विद्यापीठांतले क्रीडा-विश्लेषणाचे अभ्यासक्रम बसतात, तेव्हा अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक प्रवेशाआधीच विचारून घ्यावा. आपल्या हाती बहुधा एकच वर्ष असते आणि एकच सोडत. त्यात दुसरे दार आधीच बंद असणे किती महागात पडते, ते मी वेगळे सांगायला नको.

घाबरून जाऊ नये. याच क्षेत्रात एक मोठी सवलतही आहे, आणि मी तिच्यामुळेच इथे टिकले. सार्वजनिक आणि ना-नफा विद्यापीठे नियोक्ता म्हणून एच-वन-बीच्या कमाल मर्यादेतून मुक्त असतात. त्यांना सोडतीची वाट पाहावी लागत नाही, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. तुमची स्वतःची पदवी कोणत्या प्रकारच्या संस्थेची आहे, याने या सवलतीत अडथळा येत नाही. नियमपालन, तिकिटविक्री, माहिती व प्रसिद्धी, सामन्यांचे आयोजन या विभागांत पदवीला साजेशी जागा मिळाली की पुढचा रस्ता खुला होतो. नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठाला नियोक्ता म्हणून ही सवलत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

आपल्या मराठी मुलांना हा फरक चटकन उमगत नाही, याचे एक कारण आपल्याकडच्या व्यवस्थेत आहे. आपल्याकडे शिक्षणसंस्था कागदोपत्री बहुधा न्यास किंवा सोसायटी असते, धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद असते, आणि शिक्षणसम्राटाची गाडी कितीही मोठी असली तरी संस्थेला ‘नफ्यासाठी’ असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेत ही बाब उघड नोंदलेली असते, आणि ती तपासायला दहा मिनिटे पुरतात. संघीय शिक्षण खात्याच्या कॉलेज नॅव्हिगेटर या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेचा प्रकार लिहिलेला असतो. ना-नफा संस्थेचे 990 क्रमांकाचे विवरणपत्र जाहीर असते. त्यात वरिष्ठांना आणि मोठ्या ठेकेदारांना दिलेले पैसे दिसतात. कंपनी शेअरबाजारात असेल तर तिचा वार्षिक अहवाल वाचावा. क्रीडाविभागाचा जमाखर्च पाहायचा असेल, तर क्रीडासमानतेच्या कायद्याखाली विद्यापीठांनी शिक्षण खात्याला दिलेले आकडे त्याच खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात.

हे सर्व एखादा कन्सल्टन्सीवाला तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याचे कमिशन विद्यापीठाकडून येते. जीआरई परीक्षा नको, प्रवेश आठवड्याभरात, पहिल्या दिवसापासून सीपीटीवर (म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर) काम, असा तिहेरी मोह कोणी दाखवला तर तिथून उठावे. सीपीटीवर बारा महिने पूर्णवेळ काम केले की त्या पातळीवरची ओपीटी संपुष्टात येते, हेही तो सांगत नाही. मार्गदर्शक म्हणून दोन-तीन वर्षे पुढे असलेला ज्येष्ठ विद्यार्थी मला कोणत्याही व्यावसायिक सल्लागारापेक्षा बरा वाटतो, मात्र व्हिसाच्या बाबतीत त्याचेही ऐकू नये. तिथे वकिलाची फी भरावी. शक्य असेल तर सार्वजनिक विद्यापीठातली ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळवावी. आठवड्याला वीस तास काम, शुल्कमाफी, आणि क्रीडाविभागातली ओळख एकाच वेळी होते. पगार तुटपुंजा असतो, शनिवार-रविवार सामन्यांत जातात, आणि पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकाला परत जावेसे वाटते. तरीही मी तोच मार्ग सुचवीन.

ग्रँड कॅन्यनचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे, कारण स्वरूप बदलू शकते आणि त्यावरून वादही होऊ शकतो. जुलै 2018 मध्ये विद्यापीठ सुमारे 87 कोटी डॉलरला एका ना-नफा संस्थेला विकले गेले. जुनी कंपनी सेवा पुरवणारी म्हणून राहिली, विद्यापीठाच्या महसुलाचा साठ टक्के वाटा तिच्याकडे जाऊ लागला, आणि ब्रायन म्युलर हे एकाच वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष आणि कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी राहिले. करखात्याने संस्थेला ना-नफा मानले. शिक्षण खात्याने नोव्हेंबर 2019 मध्ये ते मानायला नकार दिला. विद्यापीठ न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये अपील न्यायालयाने, खात्याने चुकीची कायदेशीर कसोटी लावली, असा निकाल दिला. दरम्यान डॉक्टरेटच्या खर्चाबाबत विद्यार्थ्यांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवून खात्याने ऑक्टोबर 2023 मध्ये 3 कोटी 77 लाख डॉलरचा दंड ठोठावला. विद्यापीठाने आरोप फेटाळला, आणि मे 2025 मध्ये तो दंड मागे घेण्यात आला. एवढे चालू असताना संघ मात्र जिंकत होता, आणि 2025 मध्ये तो माउंटन वेस्ट या वरच्या गटात गेला.

एकाच संस्थेला एक सरकारी खाते ना-नफा म्हणते आणि दुसरे म्हणत नाही, अशा वर्षांत तुमच्या पदवीची तारीख पडली तर काय, हे कोणत्याही प्रवेशाधिकाऱ्याला विचारून उपयोग नाही. स्थलांतरविषयक वकिलाकडून लेखी मत घ्यावे आणि पदवीच्या वेळची संस्थेची कागदपत्रे जपून ठेवावीत. नोकरी घेतानाही हीच दक्षता लागते. सेवा देणारी कंपनी आणि विद्यापीठ अशी जोडव्यवस्था असेल तिथे जाहिरात, प्रवेश-समुपदेशन, तंत्रज्ञान यांसारखी कामे कंपनीकडे असतात, म्हणून कार्यालय विद्यापीठाच्या आवारात असले तरी ऑफर लेटरवर कोणाचे नाव आहे ते सही करण्याआधी वाचावे. नियोक्ता विद्यापीठ असेल तर सवलत सरळ मिळते. कंपनी असेल तर आवारात काम केल्याच्या आधारावर सवलत मागता येते, पण त्यासाठी वेगळे पुरावे जोडावे लागतात आणि ते काम कंपनीच्या वकिलाने करायचे असते. तो तयार आहे का, हे मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर लिहून घ्यावे.