सरांची गौरविका काढताय? मग आधी हे ठरवा

महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे तारीख कधीपासूनच माहीत असते. तरी निवृत्तीनिमित्त काढलेल्या बहुतेक गौरविका, म्हणजे विद्यार्थी-सहकाऱ्यांच्या लेखांची पुस्तकं, शेवटच्या दोन महिन्यांत उरकल्या जातात आणि तशा दिसतातही. हातात आठ महिने हवेत: लेख यायला तीन, संपादनाला दोन, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाला (प्रूफं तपासायला) दोन, छपाई-बांधणीला एक.

पहिलं काम म्हणजे सरांना (किंवा मॅडमना) विचारणं. गुपचूप काही करायला जाल तर जीवनपटातल्या तारखा चुकतात. “सत्कार वगैरे नको” असं उत्तर येईलच. त्यातला समारंभाला नकार किती आणि पुस्तकाला किती, हे घरच्यांकडून समजून घ्या. दोन्हीला असेल तर तिथेच थांबा.

संपादक तीनच ठेवा. एकाकडे मजकूर, एकाकडे पैसे, एकाकडे छापखाना. अकरा जणांच्या समितीत लेखाचं एक वाक्य कापायलाही बैठक घ्यावी लागते. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांना पाठवा. आणि कुणी किती दिले याची यादी पुस्तकात छापू नका. शंभर रुपये देणाऱ्याला ती लागते.

आता लेख. 25 हवे असतील तर 40 जणांना पत्र घाला. शब्दमर्यादा 700, आणि कळवायची तारीख खऱ्या तारखेच्या वीस दिवस आधीची. “सरांविषयी चार शब्द लिहा” असं लिहिलंत की चारच शब्द येतात: ऋषितुल्य, आधारवड, ज्ञानाचा सागर, शिस्तप्रिय. पंचवीस लेखांत पंचवीस आधारवड झाले की सर दिसेनासे होतात. म्हणून पत्रात प्रश्नच द्या. सर फळ्यावर कुठून लिहायला सुरुवात करायचे? तुमच्या वहीत किंवा प्रबंधात त्यांनी काय खोडलं आणि बाजूला काय लिहिलं? त्यांची कोणती सवय तुमच्या आजच्या कामात उतरली आहे? कोणत्या बाबतीत तुमचं त्यांच्याशी पटलं नाही? शेवटचा प्रश्न गाळू नका. सगळ्यात जिवंत लेख त्यातूनच येतात.

तरीही गुळगुळीत लेख आला तर तो स्वतः सजवू नका, लेखकाला फोन करा. “सरांनी वेळोवेळी मोलाची मदत केली” या वाक्यावर “कधी, कोणती?” एवढंच विचारा. मग कळतं, की फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि सर स्वतः ऑफिसच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले होते. हे जसंच्या तसं घ्या, मोलाची मदत कापा. मात्र पैशांची मदत, घरची अडचण, आजारपण अशा गोष्टी छापण्यापूर्वी लेखकाची आणि सरांची, दोघांची परवानगी घ्या.

पानांचं गणित आधी मांडा. डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पानावर साधारण 280 शब्द बसतात. म्हणजे 700 शब्दांना तीन पानं, 25 लेखांना 75. सुरुवातीची पानं, संपादकीय, जीवनपट आणि सरांच्या लेखनाची सूची धरून 94. छापखान्याचा फॉर्म, म्हणजे एका कागदावर एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच, सोळा पानांचा, म्हणून 96 पानं, सहा फॉर्म. सातव्या फॉर्मची चारच पानं भरत असतील तर उरलेली बारा शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरण्यापेक्षा चार पानं कापा. फोटोंसाठी आर्ट पेपरची आठ पानं वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छापल्यावर धुरकट येतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. चार बाय सहा इंचांच्या छपाईला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात. जुने ग्रुप फोटो मोबाइलने न काढता स्कॅन करा, आणि मागच्या बाजूला लिहिलेली नावंही टिपून घ्या.

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या फाइलमध्ये ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, जोडाक्षरं फुटतात. रूपांतरानंतर ‘र्य’ शोधून एकेक जागा पाहा. ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ सोडून द्या, बाकीचे तपासा. दोन मुद्रितं (प्रूफं) कागदावर वाचा, त्यातलं एक सरांना न ओळखणाऱ्या माणसाकडून. चुका लपतात त्या शीर्षकांत, फोटोओळींत आणि पुस्तकाच्या कण्यावर (बांधणीच्या बाजूच्या पट्टीवर), कारण तिथे सगळे वाचल्यासारखं करतात. नावांमागचं ‘कै.’ मात्र स्वतंत्रपणे तपासा. हयात माणसाला ते लागलं तर सगळ्या प्रतींवर पट्टी चिकटवत बसावं लागतं.

सरांना दाखवायचा तो फक्त जीवनपट. लेख दाखवलेत तर कौतुक आहे तेवढंच ते कापतील.

कागद 80 जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर: पांढऱ्याफेक कागदापेक्षा वयस्कर डोळ्यांना बरा. मुखपृष्ठ 300 जीएसएम, मॅट लॅमिनेशन. बांधणी नुसती गोंदाची नको. फॉर्म शिवून मग गोंद लावायला सांगा, नाहीतर पानं सुटू शकतात. दोन-तीनशे प्रतींसाठी डिजिटल आणि ऑफसेट अशा दोन्ही छपाईंचे दर मागवा. कण्याची जाडी साधारण पाच-सहा मिलिमीटर येईल, त्यामुळे त्यावरचं नाव लहान अक्षरातच बसतं.

प्रती समारंभाच्या चार दिवस आधी ताब्यात घ्या आणि प्रत्येक खोक्यातली एक उघडून पानांचा क्रम पाहा. प्रत्येक लेखकाची एक, कॉलेजच्या ग्रंथालयाच्या दोन आणि उशिरा मागणाऱ्यांसाठी पंचवीस प्रती बाजूला काढून मगच वाटप सुरू करा.

कापलेला मजकूर फेकू नका. सगळे लेख मूळ लांबीत, हस्तलिखितं असतील तर त्यांच्या झेरॉक्ससह, एका स्पायरल वहीत बांधा. ती समारंभात द्यायची नाही. गर्दी ओसरल्यावर, आठवड्याने घरी नेऊन द्या.