स्वस्त रेटिनॉल लावताय? मी केलेल्या या चुका टाळा

चवथीला, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गणेश चतुर्थीला, बारा दिवस राहिले असताना मी साडेतीनशे रुपयांची एक बाटली घेतली. वय 46, घर डिचोलीत, नोकरी पणजीत, आणि मधला सगळा रस्ता स्कूटरवर. कपाळावर दोन आडव्या रेघा कायमच्या मुक्कामाला आलेल्या, गालांवर वांगाची सुरुवात. बाटलीवर ठळक अक्षरांत रेटिनॉल, सुरकुत्यांवर लावतात ते. पहिल्या रात्री ड्रॉपर भरून लावलं, दुसऱ्या रात्री लावलं, तिसऱ्याही. चवथीपर्यंत चेहरा उजळायला हवा होता ना!

माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळंपानं टांगायची चौकट, बांधायच्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंनी सालपटं सुटत होती, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या आणि हसलं की गाल चुरचुरत होते. सासूबाई नारळ सोलता सोलता थांबल्या. "गो, तोंडाक कितें जालें तुज्या?"

मी अर्थातच बाटलीला शिव्या घातल्या. स्वस्तातलं घेतलं की असंच होणार, वगैरे. नंतर कळलं की बाटलीत काही खोट नव्हती. तीन हजारांची घेऊन तशीच लावली असती तरी माटोळीखाली याच अवतारात उभी राहिले असते.

सणाच्या तोंडावर सुरुवात

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत शिरल्यावर त्याचं आधी रेटिनाल होतं, मग रेटिनॉइक आम्ल, आणि खरं काम हे शेवटचं आम्ल करतं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन म्हणजे थेट तेच आम्ल, म्हणून ते जास्त जोरकस. मुळात ते मुरमांचं औषध. उन्हाने जून झालेल्या त्वचेवरही त्याचा गुण येतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये मांडलं. सुरकुत्यांसाठी इतकी वर्षं तपासलं गेलेलं दुसरं लावायचं द्रव्य शोधून सापडणार नाही. रेटिनॉल हा त्याचाच सौम्य भाऊ, आणि तो स्वस्तात बनतो. त्यामुळे साडेतीनशे रुपयांत खरं रेटिनॉल मिळणं अशक्य मुळीच नाही.

अडचण वेळापत्रकाची आहे. त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सुरू होतो, कारण वरच्या थरातल्या पेशी नेहमीपेक्षा भरभर सुटायला लागतात. गुण दिसायला मात्र किमान बारा आठवडे लागतात, कारण सुरकुती ज्या खालच्या थरात असते तिथे नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार व्हायला वेळ लागतो. म्हणजे बारा दिवसांचा हिशेब मांडला तर तुमच्या वाट्याला फक्त सालपटं येतात. लग्न, मुंज, चवथ, जत्रा जवळ असेल तर नवीन काही सुरूच करू नका. सण उरकू द्या.

सुरुवात करायची ती आठवड्यातून दोन रात्रींनी. तोंड धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, कारण ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि जास्त आग होते. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरायचं. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. तिथे आधीच थोडं व्हॅसलीन लावून ठेवलं तर सिरम ओघळून जात नाही. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. तीन-चार आठवडे निभावलं तर तिसरी रात्र वाढवायची. रोज लावायलाच हवं असा काही नियम नाही. मी वर्षभर आठवड्याला तीनच रात्री लावते आणि माझं त्यात भागतं.

त्याही आधी पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेला सोसतं का याची छोटी चाचणी, जी मी अर्थातच केली नव्हती. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, त्याच जागी, ओळीने पाच-सहा रात्री.

सालपटं आणि ॲलर्जी एकच समजणं

थोडा कोरडेपणा, बारीक कोंडा सुटल्यासारखं, जरा ताणल्यासारखं वाटणं हे पहिल्या महिन्यात चालतं. अशा वेळी तीन-चार रात्री खाडा करायचा, नुसतं मॉइश्चरायझर लावायचं आणि मग पुन्हा कमी वेळा सुरू करायचं. पण गांधी उठल्या, पापण्या सुजल्या, लस आली किंवा खाज थांबेनाशी झाली तर ते सवय होण्याचं लक्षण नव्हे. तिथे बाटली बंद आणि डॉक्टर.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची एक खोड आहे, ती परदेशी सल्ल्यांत फारशी वाचायला मिळत नाही. आपल्याकडे लाली गेली तरी मागे काळा डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. गोऱ्या बाईची आठ दिवसांची आग आपल्याकडे सहा महिन्यांचा डाग होऊ शकते. माझ्या ओठांच्या कोपऱ्यावरचा ठिपका नाताळपर्यंत मुक्कामाला होता. "थोडी आग होऊ दे, म्हणजे काम करतंय" हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही.

आगीवर फार्मसीतली ट्यूब

आता माझी सगळ्यात मोठी चूक. चवथीच्या दुसऱ्या दिवशी एका फार्मसीत जाऊन चेहरा दाखवला. काउंटरवरच्या भल्या माणसाने चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली. दोन दिवसांत चेहरा गुळगुळीत. मी खूश. तीन आठवडे तीच लावत राहिले. थांबवली आणि आधी नव्हतं इतकं लाल, पुरळ, आग.

ट्यूबवरची बारीक अक्षरं डॉक्टरांनी वाचून दाखवली. मोमेटासोन, म्हणजे स्टिरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल ही त्याच घरातली. आपल्याकडे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं तिहेरी मलम तर गोरं करणारी क्रीम म्हणून सर्रास लावलं जातं. अशी मलमं चेहऱ्यावर दिवसेंदिवस लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे लव वाढते आणि सोडायला गेलं की चेहरा पेटतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम आहे, पण काउंटरवर तो दर वेळी भेटेलच असं नाही. तेव्हा नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसलं तर थांबा आणि विचारा. सुरकुत्या घालवायला निघालेल्या बाईने त्वचा पातळ करणारं मलम लावणं याला काय म्हणावं! माझा चेहरा ताळ्यावर यायला रेटिनॉलमुळे दोन आठवडे लागले असते. त्या ट्यूबमुळे तीन महिने गेले.

गावात त्वचेचे डॉक्टर नसतील तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. सकाळ मोडते, पण मोडू दे.

"पावसात कसलं सनस्क्रीन?"

हे वाक्य मी ऑफिसातल्या निम्म्या बायकांकडून ऐकलंय आणि स्वतःही म्हटलंय. चेहरा जून करण्यात सगळ्यात मोठा हात उन्हाचा. त्यातले यूव्हीए नावाचे अतिनील किरण ढगांतून खाली येतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत शिरतात. 2012 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला होता. 28 वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपला उजवा गाल तपासून पाहा. स्कूटरवाल्यांना तर डावं-उजवं नाहीच. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना वरून येणारं ऊन आणि वाळूवरून परतणारं ऊन, असा दोन्हीकडून मारा.

ऑस्ट्रेलियात 903 प्रौढांवर केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत जून झाल्याचं मोजून दिसलं नाही. सिरम वगैरे काही नाही, नुसतं सनस्क्रीन. म्हणून खिशात पाचशेच रुपये असतील तर माझं मत सरळ आहे: आधी सनस्क्रीन घ्या, उरलं तर सिरम. रात्री रेटिनॉल लावायचं आणि सकाळी उघड्या तोंडाने पणजीच्या रस्त्याला लागायचं, म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणं.

किती लावायचं? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची. चेहरा, कान आणि मान यांना तेवढं लागतं. ते साधारण एक ग्रॅम भरतं. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी दीड-पावणेदोन महिन्यांत संपायला हवी. तुमची पाच महिने पुरत असेल तर ते काटकसरीचं लक्षण नाही, तुम्ही लावतच नाही आहात. ट्यूबवर एसपीएफ (त्वचा भाजण्यापासूनचं संरक्षण) 30 किंवा 50, आणि पीए (यूव्हीएपासूनचं संरक्षण) या अक्षरांपुढे तीन-चार अधिकची चिन्हं. घाम पुसला, रेनकोट चढवून उतरवला, की पुन्हा. आपल्या दमट हवेत जाड क्रीमने घामोळं उठतं, म्हणून जेलसारखं पातळ घ्या. आणि चिकट वाटतं म्हणून दिवसात पाच वेळा साबणाने तोंड धुऊ नका. दोनदा पुरे, मधे नुसतं पाणी.

किमतीवरून पारख

किंमत पाहण्याआधी डबी पाहा. रेटिनॉल उजेडाने आणि हवेने नासतं. पारदर्शक काचेच्या ड्रॉपरच्या बाटलीत ठेवलेलं रेटिनॉल महाग असो की स्वस्त, ते घेऊ नये. ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा आतलं न दिसणारा पंप बरा. क जीवनसत्त्वाच्या सिरमचंही तेच. ते तपकिरी झालं की टाकून द्यायचं, "थोडंच तर उरलंय" म्हणत संपवायचं नाही.

मोठी बाटली स्वस्त पडते हाही भ्रम. वाटाण्याएवढं म्हणजे साधारण पाव मिलिलिटर. आठवड्याला तीन रात्री धरल्या तरी महिन्याला तीन मिलिलिटर होतात. 30 मिलिलिटरची बाटली दहा महिने जाईल, पण उघडल्यावर त्यातला दम तोवर टिकत नाही. 15 मिलिलिटरची घ्या.

आकड्यांनी भुलू नका. 'रेटिनॉल कॉम्प्लेक्स 2 टक्के' यातले दोन टक्के अख्ख्या मिश्रणाचे असतात, आत रेटिनॉल किती ते वेगळं. सुरुवातीला 0.1 ते 0.3 टक्के पुष्कळ. घटकांच्या यादीत फक्त 'रेटिनिल पाल्मिटेट' असेल तर ते बरंच मवाळ असतं. अपेक्षाही तशीच ठेवा. आणि कोलॅजन क्रीमवर पैसे घालायचे असतील तर मॉइश्चरायझर समजून घाला. कोलॅजनचा रेणू त्वचेतून आत शिरण्याइतका लहान नसतो. बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेल्या आठवड्याच्या बाजारातल्या डब्या मात्र फुकट दिल्या तरी घेऊ नका. झटपट गोरं करणाऱ्या अशा डब्यांत पारा सापडलेला आहे.

"मग नैसर्गिकच लावते"

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे गोव्यात राहून तरी कुणी म्हणू नये. काजूच्या टरफलाचं तेल अंगावर उडलं की काय होतं ते काजू भाजलेल्या कुणालाही विचारा. लिंबू तर हमखास. त्याच्या रसातली द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मग काळे पडतात.

याहून बेरकी गोंधळ बावचीचा. बाकुचिऑल नावाचं द्रव्य बावचीच्या बियांपासून मिळतं. 2019 मध्ये 44 जणांवर बारा आठवड्यांची एक तुलना झाली, त्यात त्याने सुरकुत्यांवर रेटिनॉलइतकाच गुण दाखवला आणि कोंडा कमी सुटला. अभ्यास छोटा, तरी ज्यांना रेटिनॉल झेपत नाही त्यांनी करून पाहायला हरकत नाही. पण ते ऐकून माझी नणंद काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीचं तेल घेऊन आली. त्या तेलात सोरालेन असतं, जे त्वचेला उन्हाबाबत हळवी करतं; कोडाच्या उपचारात बावची वापरतात ती त्याचसाठी. ते तोंडाला लावून उन्हात गेलात तर फोड येतील. बाटली तिच्या हातातून काढून घेताना मला किती मोठेपणा वाटला म्हणून सांगू.

राहिलेलं थोडं

दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन काहीच नको. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पार्लरमध्ये अपरलिप किंवा चेहऱ्याचं वॅक्स करायचं असेल तर आधीचा आठवडाभर रेटिनॉल बंद, नाहीतर केसांबरोबर कातडीही निघते. पार्लरवालीला आपण होऊन सांगा, ती विचारणार नाही.

एका वेळी एकच नवीन वस्तू. रेटिनॉल, क जीवनसत्त्व आणि फळांच्या आम्लाचा फेसवॉश एकाच आठवड्यात सुरू केलात तर आग कशाने झाली हे तुम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचं आणि स्वस्त म्हणजे नायसिनामाइड, ब3 जीवनसत्त्वाचं एक रूप, तेही नंतर.

फरक पडतोय का हे आरशात रोज पाहून कळत नाही. महिन्यातून एकदा, सकाळच्या त्याच वेळी, त्याच दारात उभं राहून फोटो काढा. माझ्या कपाळावरच्या रेघा गेल्या नाहीत, फिकट झाल्या. खोल घड्या, सैल पडलेली हनुवटी, डोळ्यांखालच्या पिशव्या यांना कुठलीच बाटली पुरी पडत नाही.

आणि बाटली न्हाणीघरातल्या खिडकीत नको. माझी ट्यूब आता कपड्यांच्या कपाटात असते. आधी फ्रिजमध्ये ठेवून पाहिली होती, पण तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी ती बांगडे माशांच्या डब्याच्या शेजारून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नुस्त्याक वास मारता हाचो."