डॉक्टरांसोबत उपचार ठरवताना या चुका टाळा

“डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” असं म्हणण्यात गैर काही नाही. पण बहुतेक वेळा ते फार लवकर म्हटलं जातं. पर्याय कोणते हे आपल्याला कळलेलं नसतं, आणि आपल्याला काय जड जाईल हे डॉक्टरांना.

हार्ट अटॅक आलेल्या माणसासमोर कुणी पर्याय मांडत बसत नाही, बसूही नये. पण सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर घ्या. पूर्ण स्तन काढायचा, की फक्त गाठ काढून रेडिएशन घ्यायचं? वीस वर्षं पाठपुरावा केलेले दोन मोठे अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण किती जगतात, यात फरक दिसला नाही. स्तन राखल्यास त्याच बाजूला पुन्हा गाठ येण्याची शक्यता मात्र थोडी जास्त होती. मग ठरवायचं कशावरून? रेडिएशनच्या फेऱ्या झेपतील का, स्तन राखणं त्या बाईला किती महत्त्वाचं आहे, पुन्हा गाठ येण्याच्या धास्तीने तिची झोप उडेल का, यावरून. यातलं काहीच रिपोर्टमध्ये छापून येत नाही. ते तिनेच सांगावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ते न सांगणं.

टक्क्यांवर जाणं

“या गोळीने धोका निम्मा होतो.” ऐकायला छान वाटतं. पण १०० पैकी ४० जणांना होणारा त्रास २० जणांवर आला तरी निम्मा, आणि २ जणांचा १ वर आला तरी निम्माच! दुसऱ्या बाबतीत शंभरातल्या एकाचाच त्रास टळतो, दुष्परिणामांची शक्यता मात्र शंभरही जणांना असते. म्हणून सरळ विचारा, “माझ्यासारख्या शंभर जणांनी हे घेतलं तर किती जणांना त्रास होतो, नाही घेतलं तर किती जणांना?” नेमका आकडा माहीत नसेल, तर चांगले डॉक्टर तसं सांगतात.

“काहीच केलं नाही तर?” हे न विचारणं

हा प्रश्न उद्धट वाटतो म्हणून गिळला जातो. खरं तर थांबून लक्ष ठेवणं हाही कित्येक आजारांत रीतसर पर्याय असतो.

घरच्यांनीच उत्तरं देणं

डॉक्टर आजींना विचारतात, “गुडघ्यामुळे काय काय अडतं?” आणि बोलतो मुलगा. त्यामागे माया असते, कबूल. पण ऑपरेशननंतरचा व्यायाम आजींनाच करायचा असतो. त्यांना आधी बोलू द्या, राहिलेलं नंतर जोडा.

डॉक्टरांनीही हे टाळावं

“कळलं ना?” विचारलं की रुग्ण मान डोलावतोच. त्यापेक्षा, “घरी गेल्यावर हे घरच्यांना कसं सांगाल?” असं विचारावं, काय निसटलं ते लगेच कळतं. दुसरं टोकही वाईट. “हे तीन पर्याय, आता तुम्हीच ठरवा” म्हणून मोकळं होणं म्हणजे घाबरलेल्या माणसाला एकटं सोडणं. रुग्णाचं ऐकून घ्यावं आणि मग, “तुमचं ऐकल्यावर मला हा पर्याय बरा वाटतो, कारण…” असं स्वतःचं मत जरूर द्यावं.

वेळ कमी असेल तर प्रश्न लिहून न्या आणि बसल्या बसल्या आधी तेच काढा. निघण्यापूर्वी एक नक्की विचारा, “हे आजच ठरवायला हवं, की चार दिवस विचार केला तर चालेल?”