अमेरिकेत 'प्रोफेशनल गॅम्बलर' म्हणून टॅक्स भरायचाय? मग तयारी जानेवारीपासूनच करा

आपल्याकडची बरीच मंडळी आता न्यू जर्सी, नेवाडा, कॅलिफोर्नियात पोकर सिरियसली खेळतात, आणि मार्च उजाडला की विचारतात की यंदा रिटर्नमध्ये प्रोफेशनल, म्हणजे जुगार हाच माझा धंदा, असं दाखवू का. मार्चमध्ये दाखवायला काही उरलेलं नसतं हो, जे काही सिद्ध करायचं ते वर्षभर रोज लिहिलेल्या वहीतूनच होतं, म्हणून ही यादी वर्षाच्या सुरुवातीलाच वाचा.

सगळ्यात आधी ग्रोट्झिंगर नावाच्या जुगाऱ्याची कोर्ट केस समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. नोकरी गेलेला हा माणूस १९७८ मध्ये ४८ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, ६० ते ८० तास ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवर घालवत होता, ७०,००० डॉलर जिंकला आणि ७२,०३२ लावले, म्हणजे वर्षाअखेर तोट्यातच! तरी १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा त्याचा धंदाच आहे. म्हणजे नफा झालाच पाहिजे असं नाही, पण काम सातत्याने आणि नियमित हवं आणि मुख्य हेतू कमाईचा हवा, अधूनमधून मजा म्हणून खेळणं त्यात बसत नाही. आणि हा माणूस रोजची हारजीत वहीत लिहून ठेवायचा, हे विसरू नका.

तर वही. आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याला, काय हवं असतं ते त्यांच्या १९७७ च्या सूचनेत स्पष्ट आहे: तारीख, कुठला खेळ, कॅसिनोचं नाव-पत्ता, सोबत कोण होतं, किती जिंकलं किती हरलं. पोकर असेल तर टेबल नंबर आणि स्टेक (किती रकमेचा डाव) लिहा, स्लॉट मशीन असेल तर मशीनचा नंबर. घरी आल्यावर आठवून नाही, तिथून निघायच्या आत फोनवर टाका, आणि तासही लिहा कारण 'नियमित'चा पुरावा तासांतूनच मिळतो. सोबत बाय-इनच्या (खेळात उतरताना भरलेल्या पैशांच्या) पावत्या, एटीएमच्या स्लिपा, मोठ्या जिंकीवर कॅसिनो देतो तो डब्ल्यू-टूजी फॉर्म सगळं एका फोल्डरमध्ये. कॅसिनो वर्षाअखेर विन-लॉस स्टेटमेंट देतो ते घ्या, पण नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका, कॅसिनोचं प्लेयर्स कार्ड (सदस्य कार्ड) न लावता खेळलेलं त्यात येतच नाही.

बँकेत वेगळं खातं काढा, बँकरोल, म्हणजे खेळायचे पैसे, तिथेच ठेवा, किराणा आणि घरभाडं त्यातून अजिबात नाही. धंद्यासारखं वागताय का हे बघायला आयआरएसकडे नऊ निकष आहेत, त्यात तुमचं ज्ञान, दिलेला वेळ, मागच्या वर्षांचा नफातोटा हे सगळं येतं, त्यामुळे कोचिंग घेतलं, सॉफ्टवेअर घेतलं, हरत होता म्हणून एखादा खेळ सोडला, तर तेही नोंदवा. फुल टाइम नोकरी असली की दावा आपोआप बाद होत नाही पण खूप अवघड होतो, विशेषतः स्लॉटवाल्यांचा. मित्रांनी पैसे घातले असतील तर वाटा किती ते आधी कागदावर घ्या, आणि जिंकलेली रक्कम वाटायची असेल तर कॅसिनोत फॉर्म ५७५४ मागा, नाहीतर सगळं उत्पन्न तुमच्या नावावर चढतं.

एच-वन-बीवर असाल तर इथेच थांबा! शेड्यूल सी, म्हणजे रिटर्नमधला धंद्याचा फॉर्म, भरणं म्हणजे मी स्वतःचा धंदा करतो असं सरकारला लिहून देणं, आणि त्या व्हिसावर स्पॉन्सर सोडून दुसरं काम चालत नाही, म्हणून आधी इमिग्रेशन वकील, मग सीपीए (तिथला सीए).

आता आकडेमोड, कारण प्रोफेशनल होणं दरवेळी फायद्याचं नसतं. फायदा हा की तोटा आणि प्रवास-हॉटेलसारखा खर्च शेड्यूल सीवरच वजा होतो, त्यासाठी हौशी खेळाडूसारखं स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट) सोडावं लागत नाही. पण निव्वळ नफ्यावर इन्कम टॅक्सशिवाय १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही (स्वतःचा धंदा करणाऱ्यांचा टॅक्स) लागतो. २०१८ पासून खर्चसुद्धा तोट्यातच धरतात, म्हणजे तोटा आणि खर्च मिळून जिंकलेल्या रकमेपलीकडे जाऊ शकत नाहीत, वरचा तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. आणि २०२५ च्या नव्या कायद्याने २०२६ पासून तोट्याचे फक्त ९० टक्के धरले जातात. एक लाख डॉलर जिंकलात आणि एक लाख हरलात तर हातात शून्य, पण टॅक्स मात्र दहा हजार डॉलर कमावल्यासारखा! प्रोफेशनललाही हे लागू आहे, आणि मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं, कमी मार्जिनवर खूप खेळणाऱ्याचं यात कंबरडं मोडतं. त्यामुळे दर महिन्याला एकूण जिंकलेलं आणि एकूण हरलेलं वेगवेगळं बेरीज करून ठेवा, नुसता निव्वळ आकडा बघून गाफील राहू नका.

टॅक्स दर तिमाहीला भरायचा असतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढची १५ जानेवारी. त्याचे पैसे बँकरोलमध्ये मोजूच नका, वेगळ्या खात्यात टाका.

सुट्टीत गोव्याला जाऊन मांडवीवरच्या कॅसिनोत जिंकलात तर तेही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारतात मात्र जिंकलेल्यावर सरसकट ३० टक्के आणि वर सेस, तोटा किंवा खर्च काहीच वजा नाही, तुम्ही कितीही प्रोफेशनल असलात तरी. तिथे कापलेल्या टीडीएसचं सर्टिफिकेट सोबत घेऊन या, इथे फॉरेन टॅक्स क्रेडिट (परदेशात भरलेल्या टॅक्सची सूट) मागायला ते लागेल.