सायलेन्सरला भोक पडलंय? वेल्डिंगशिवाय बुजवताना या चुका टाळा

गाडी फटफटू लागली, वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या पोटाला भोक. वेल्डिंगला सवड मिळेपर्यंत काहीतरी लावून चालवू, असं वाटणं साहजिक आहे, आणि ते जमतंही. पण लावलेला लेप चार दिवसांत गळून पडतो, तो बहुतेक वेळा लेप वाईट म्हणून नाही. तो कशावर लावला आणि कसा सुकवला, घोळ तिथे असतो.

आधी जागा बघा. इंजिनला लागून असलेला, धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड ६०० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो, मागचा सायलेन्सर त्या मानाने बराच कमी. नळाच्या गळतीला लावतात ती साधी इपॉक्सी पुट्टी शंभर-दीडशे अंशांपुढे टिकत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात एक्झॉस्ट रिपेअर पेस्ट मागा. ती बहुधा सोडियम सिलिकेटची असते आणि उष्णतेनेच कडक होते. मॅनिफोल्डला तडा असेल तर मात्र लेपाच्या नादी लागू नका. जाळीदार फ्लेक्सिबल पाइपवरही लेप नको. तो भाग हलण्यासाठीच असतो, तिथे कडक झालेला लेप तडकणारच.

भोक दिसतं त्याहून नेहमी मोठं असतं. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून कुजतो. म्हणून भोकाभोवती स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. टोक आत गेलं तर तो पत्रा संपला, त्यावर काहीच धरणार नाही. धरणारा पत्रा तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने घासा. बोटभर रुंदीची चकचकीत कड दिसेपर्यंत पेस्टचं झाकण उघडू नका.

आणि हो, बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरला तळाशी एक बारीक, स्वच्छ कडांचं गोल भोक असतं. ते कंपनीनेच पाणी निथळायला ठेवलेलं असतं. उत्साही मंडळी नेमकं तेच आधी बुजवतात!

टाचणीएवढ्या भोकाला पेस्ट पुरते. पाइपवर नाण्याएवढं असेल तर पत्र्याचा तुकडा वाकवून गुंडाळा, खाली पेस्ट भरा, सांधा भोकाच्या उलट बाजूला घ्या आणि दोन्ही टोकांना स्टीलच्या होज क्लिप आवळा.

घाई नडते ती यानंतर. लगेच गाडी पळवली तर पेस्टमधलं पाणी उकळून फुगे येतात. पाकिटावर सांगितलेला वेळ सुकू द्या, मग रेस न देता इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवा, तेही उघड्यावर. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे बंद गॅरेजात हे प्रयोग नकोत. सायलेन्सर गार झाल्याशिवाय आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

भोक ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते. इंजिनच्या कॉम्प्युटरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, तो जास्त सोडतो आणि अॅव्हरेज घसरतं. भोक बुजवूनही डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा जात नसेल, तर गाडी स्कॅनर असलेल्या गॅरेजात न्या.