चीनच्या शहरात राहायला जाताय? मराठवाड्यातून निघण्याआधी आणि पोचल्यावर

लातूर-नांदेडची लेकरं एमबीबीएसला, वाळूजचे इंजिनिअर यंत्रांच्या कामाला, तर काही व्यापारी माल बघायला चीनला जातात. व्हिसा आणि तिकीट एजंट करून देतो. गडबड होते ती उतरल्यावरच्या पहिल्या आठवड्यात, आणि बहुतेक वेळा माणसांमुळे नाही, कागद आणि फोनमुळे.

पहिलं काम पोलीस नोंदणीचं. पोचल्यापासून २४ तासांच्या आत राहण्याच्या पत्त्याची नोंद व्हावीच लागते. हॉटेलात उतरलात तर काउंटरवर पासपोर्ट देताच ती होते. भाड्याच्या घरात किंवा ओळखीच्याकडे उतरलात तर स्वतः जवळच्या पोलीस चौकीत जायचं. तिला म्हणतात फायछूस्वो. सोबत पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाच्या ओळखपत्राची व घराच्या कागदाची प्रत न्यावी. टाळाटाळ केली तर २००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोंदणीच्या कागदाशिवाय निवास परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या दीर्घ व्हिसावर आलात तर तो अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. कॉलेजचं ऑफिस मदत करतं, पण तारीख आपणच लक्षात ठेवावी. घर बदललं की नोंदणी पुन्हा. दिवाळीला गावी जाऊन परत आलात तरी चौकीत विचारून घ्यावं, बऱ्याच शहरांत ती नव्याने मागतात.

दुसरं काम फोन. इथे आपल्या नावांचा घोळ होतो. पासपोर्टवर आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव अशी लांबलचक ओळ असते. सिमकार्डवाला ती एका क्रमाने टाइप करतो, बँकेतली मुलगी दुसऱ्या. मग पेमेंटच्या ॲपमध्ये ओळख पडताळताना ‘नाव जुळत नाही’ असं येतं आणि खातं अडकतं. म्हणून सिम घेताना पडद्यावर टाइप झालेलं नाव वाचून बघा, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि बँकेत तोच क्रम, त्याच मोकळ्या जागा ठेवायला सांगा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर निघण्याआधी इथेच दुरुस्त करून घ्या. तिकडे हा त्रास रोजचा होतो.

यूपीआय तिकडे विसरायचं. अलीपे आणि वीचॅट ही दोनच नावं ध्यानात ठेवा. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे ते तिकडे पोचल्यावरच टाका. प्ले स्टोअर तिथल्या इंटरनेटवर उघडत नाही, म्हणून ॲप अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावं. खातं उघडताना कधीकधी जुन्या वापरकर्त्याने क्यूआर कोड स्कॅन करून तुमची ओळख द्यावी लागते, तेव्हा एखादा सीनियर किंवा सहकारी जवळ असू द्या. व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड दोन्ही ॲपला जोडता येतं, मात्र बँकेच्या ॲपमध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू केलेला हवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, वरच्या रकमेला ३ टक्के लागतात. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येणार, म्हणून ते सिम रोमिंग चालू करून जवळ ठेवा. ते दुसऱ्याही कामाचं आहे: व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर बंद असतात, पण भारतीय सिमच्या रोमिंग डेटावर चालतात. महाग पडतं, म्हणून घरच्यांशी बोलायची दुसरी सोय आधीच ठरवून ठेवा. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आईने रात्री दहाला फोन केला तर तिकडे साडेबारा वाजलेले असतात.

आणखी एक. सगळं फोनवर, म्हणून बॅटरी संपली की माणूस जागीच अडकतो. इथली पॉवर बँक नेऊन तिकडे देशांतर्गत विमानात बसणार असाल तर ती काढून घेतील. २८ जून २०२५ पासून ३सी या त्यांच्या प्रमाणपत्राच्या खुणेशिवाय ती चालत नाही. तिथेच विकत घ्या. ४००-५०० युआन सुटे खिशात असू द्यावेत. रोख नाकारता येत नाही असा नियम आहे, पण दुकानदाराकडे मोड नसते.

घर भाड्याने घेताना ‘या यी फू सान’ हा शब्द कानावर येईल: एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. म्हणजे ३००० युआनच्या खोलीला पहिल्या दिवशी १२,००० मोजायचे, एजंटचे वेगळे. चावी हातात घेण्याआधी वीज-पाण्याच्या मीटरचा आणि भिंतीवरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढा, घरमालकाला त्याच वेळी पाठवा. डिपॉझिट अडकतं ते बहुधा अशाच डागांवर. थंडीचंही बघून घ्या. छिनलिंग डोंगररांग आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला खोल्या उबदार ठेवायला सरकारी गरम पाण्याचे पाइप घरात असतात, बीजिंगमध्ये ते १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालू असतात. दक्षिणेला ही सोय नाही, त्यामुळे जानेवारीत वूहानची खोली बीजिंगच्या खोलीपेक्षा गार लागते.

आता माणसं. रस्त्यात लोक टक लावून बघतील, ‘लाओवाय’ म्हणतील, एखादी आजी फोटोही काढेल. लाओवाय म्हणजे परका, शिवी नव्हे. शेजारी वय विचारेल, पगार विचारेल, लग्न का नाही झालं हेही विचारेल. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे खटकतं. ज्याने परभणीच्या एसटीत ‘कुठल्या गावचे? कुणाचे?’ याला उत्तरं दिली आहेत त्याला खटकायचं कारण नाही. ‘नी छ्र ल मा?’ म्हणजे जेवलाव का? जेवायला बोलावणं नव्हे, आपल्यासारखीच ख्यालीखुशाली. आईच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. अर्थ मावशी, पण म्हणताना आपल्याला घरचीच आठवण होते. ड्रायव्हर, गवंडी, दुरुस्तीवाला यांना ‘शर्फू’ म्हणावं.

पण काही गोष्टी टोचतात आणि त्या आधीच माहीत असाव्यात. गोऱ्या रंगाचं कौतुक तिकडेही आहे, बाया उन्हात छत्री धरतात, आणि सावळ्या रंगावर कुणी सरळ तोंडावर बोलून जातं. भारताबद्दल ठरलेले प्रश्न येतात: जात, बायकांची सुरक्षितता, हाताने जेवणं. शांतपणे दोन वाक्यांत उत्तर द्या. सीमावाद, तैवान, तिबेट यांवर वाद घालू नका, वीचॅटच्या ग्रुपवर तर नाहीच. बोलणं जमवायचं असेल तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढा. जपानशी चाललेल्या युद्धातल्या चिनी जखमींवर उपचार करायला ते १९३८ ला गेले, १९४२ ला तिथेच वारले. तिकडे त्यांना ख दीह्वा म्हणतात आणि जुनी माणसं ओळखतात.

चारचौघांत कुणाची चूक काढायची नाही, कारखान्यात तर मुळीच नाही. त्याला ‘म्येनझ’ म्हणजे इज्जतीचा प्रश्न मानतात. बाजूला घेऊन सांगा, काम होतं. सरळ ‘नाही’ कमीच ऐकू येईल. ‘पू फांगप्येन’, म्हणजे सोयीचं नाही, असं म्हटलं की विषय संपला. आपल्याकडच्या ‘बघू की’ सारखंच ते.

लग्नाचं आमंत्रण आलं तर आपल्या सवयीने ५०१ देऊ नका. तिकडे विषम रक्कम मयताच्या घरी देतात. लाल पाकिटात ६०० किंवा ८०० घाला, चार हा आकडा टाळा. त्याचा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळ जातो. भेट म्हणून घड्याळ नको, छत्री नको, पुरुषाला हिरवी टोपी तर अजिबात नको, बायको फसवते असा तिचा अर्थ होतो. हिमरूची शाल चालते. भेट दोन्ही हातांनी द्यावी. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, मयतापुढच्या उदबत्त्या तशा दिसतात.

शाकाहाऱ्याची खरी परीक्षा ताटात. ‘पू याव रोउ’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असते, वर कोंबडीच्या अर्काची पूड पडते. म्हणून ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, असं म्हणा आणि पुढे ‘चू योउ’ म्हणजे डुकराची चरबी व ‘ची चिंग’ म्हणजे कोंबडीची पूड नको हेही चिनी लिपीत लिहून फोनवर ठेवा. बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीचं ‘ती सान श्येन’ आणि आंबट-तिखट बटाट्याच्या काड्या मिळतातच. मापो टोफू या सोयाबीनच्या पनीरच्या तिखट भाजीत बहुधा खिमा असतो. बौद्ध मंदिराजवळच्या खानावळीत निर्धास्त जेवा, कांदा-लसूणही नसतो. ‘छिंगचन’ लिहिलेलं दुकान हलाल, तिथे डुक्कर नाही, पण नूडल्सचा रस्सा गोमांसाचा असतो. तूरडाळ सहज मिळत नाही. शेंगदाणे, तीळ, लाल मिरची, कोथिंबीर हवी तेवढी. ज्वारीही आहे, काओल्यांग म्हणतात, पण भाकरीऐवजी तिची दारू गाळतात. तूप, लोणी, ताजी फळं-भाज्या आणि बियाणं विमानतळावर काढून घेतात. खसखस तर बॅगेत चुकूनही नको, अफूच्या झाडाची म्हणून तिच्यावर कडक नियंत्रण आहे.

नळाचं पाणी उकळूनच प्यायचं. खानावळीत उन्हाळ्यातही गरम पाणी पुढे येतं. सार्वजनिक संडासात पाणी नसतं, कागद बरोबर ठेवा. दवाखान्यात आधी ‘क्वाहाओ’, म्हणजे नोंदणी करून पैसे भरायचे, मग डॉक्टर, पासपोर्ट लागतोच. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय शिकवण्या घेऊन कमाई करू नका, दंड ५००० ते २०,००० युआन. आणि वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं, त्याआधी आठवड्याचं पीठ-डाळ भरून ठेवा. गल्लीतली दुकानं बंद होतात आणि रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी विक्रीला येताच संपतात.