पतंगांची रात्रनोंद: पडदा, दिवा आणि वही

रात्री दिव्याकडे येणारे पतंग, म्हणजे फुलपाखरांसारखे कीटक, मोजायला जाळी लागत नाही. पांढरी सुती चादर, दिवा आणि वही एवढ्यावर काम भागतं. मात्र यंदाची नोंद पुढच्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहता यायला हवी. म्हणून जागा, दिवा आणि वेळ एकदा ठरवा आणि मग बदलू नका. दिवा बदलला तर पतंग खरंच वाढले, की नव्या दिव्याकडे जास्त आले, हे सांगता येत नाही.

दीड बाय दोन मीटरची चादर दोरीवर ताणून बांधा. सैल राहिली तर वाऱ्याने फडफडते आणि बसलेले पतंग उडतात. खालचा काठ अर्धा मीटर पुढे जमिनीवर पसरा. बरेच पतंग पडद्याच्या पायथ्याशीच उतरतात आणि बघणाऱ्यांच्या पायाखाली चिरडले जातात. गुळगुळीत सिंथेटिक कापडावर त्यांचे पाय टिकत नाहीत.

वीज असेल तिथे १६० वॅटचा मर्क्युरी व्हेपर दिवा चालतो, त्याला वेगळा चोक लागत नाही. तो फार तापतो. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर काच तडकते, म्हणून वर आडोसा हवाच. बाहेरची काच फुटूनही आतला भाग जळत राहिला तर घातक अतिनील किरण थेट बाहेर येतात. दिवा ताबडतोब बंद करा. एकदा विझल्यावर तो निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. वीज नसेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर अतिनील एलईडी लावा. दिवा कोणताही असो, त्याच्याकडे टक लावून पाहू नका आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा घाला.

अमावास्येच्या आसपासची उबदार, दमट, ढगाळ, वारा पडलेली रात्र उत्तम. पौर्णिमेला पडदा बराच रिकामा राहतो. अंधार पडताच सुरुवात करा आणि किमान तीन तास थांबा, कारण जातीजातीच्या वेळा वेगळ्या असतात. दर अर्ध्या तासाने मोजणी लिहिली तर हा फरकही हाती लागतो.

नोंदीत जात, संख्या, तारीख-वेळ, अक्षांश-रेखांश, निरीक्षकाचं नाव आणि दिव्याचा प्रकार एवढं हवंच. ‘पुष्कळ’ असं लिहू नका, आकडा लिहा. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते आणि एकाच रात्रीच्या नोंदी दोन दिवसांत विखुरतात. त्यामुळे संध्याकाळची तारीख धरायची असं गटाने आधीच ठरवावं. काहीच आलं नाही तर शून्य लिहा. ती रात्र गाळली तर सरासरी खोटी फुगते.

प्रत्येक पतंगाचा वरून एक आणि बाजूने एक फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोवरून आपोआप सुचवलेलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. ती जात त्या भागात आढळते का, ते आधी तपासा. अनेक जाती जननेंद्रियं तपासल्याशिवाय वेगळ्या ओळखताच येत नाहीत. तिथे जातीच्या वरच्या पातळीवर, म्हणजे प्रजाती (जीनस) किंवा कुळापाशी थांबणं हीच अचूक नोंद आहे.

उजाडेपर्यंत पडदा तसाच ठेवला तर पक्षी तो साफ करतात. आधीच दिवा मालवा आणि चादर झुडपांवर हलकेच झटका. एकाच जागी लागोपाठ रात्री दिवा लावू नका. त्याच्याभोवती अडकलेल्या पतंगांचं खाणं, मीलन आणि अंडी घालणं राहून जातं.

संवर्धनासाठी मात्र दिव्यापेक्षा सुरवंटाची नोंद मोलाची. दिव्यावरचा पतंग दुसरीकडून आलेला असू शकतो. पान खाणारा सुरवंट दिसला तर ती जात तिथेच वाढते आहे, हे ठरतं. म्हणून दिवसा पानांची खालची बाजू तपासा आणि सुरवंटासोबत खाद्यवनस्पतीचंही नाव लिहा. तिथलं गवत एकदम कापू नका. जागेचे तीन भाग करा, एका वेळी एकच कापा. पालापाचोळा जाळू नका. अनेक जातींचे कोष त्यात किंवा त्याखालच्या मातीत असतात.